वसाहतींविषयीचे अहवाल व गोव्याचा प्रश्न

परक्या लोकसमूहावर राज्य करणाऱ्या सत्तेने त्या लोकांच्या स्थितीविषयीची माहिती आंतरराष्ट्रीय संस्थेला नियमितपणे सादर करण्याचे बंधन आणि गोवा, दमण व दीव या प्रदेशांच्या बाबतीत पोर्तुगालने ते नाकारल्यामुळे निर्माण झालेला वाद. वरवर पाहता हे बंधन अगदी किरकोळ होते. शाळा किती, दवाखाने किती, मजुरीचे दर काय, अशा स्वरूपाची आकडेवारी वर्षातून एकदा कळविणे एवढाच त्याचा आशय होता. तथापि ही माहिती पाठविणे म्हणजे तो प्रदेश आपल्या राष्ट्राचा भाग नाही, तेथील लोक वेगळे आहेत व त्यांना स्वयंशासनाकडे नेण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असे कबूल करणे होय. ही कबुली टाळण्यासाठीच पोर्तुगालने आपली राज्यघटना बदलली व पुढे सु. वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांशी वाद घातला. गोव्याचा प्रश्न हा केवळ भारत व पोर्तुगाल यांच्यातील सीमेचा तंटा न राहता वसाहतवादाच्या जागतिक प्रश्नाचा भाग बनला, त्याला या वादाचा मोठा हातभार लागला.

राष्ट्रसंघाचा काळ : विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत वसाहतीचा कारभार ही राज्यकर्त्या देशाची खाजगी बाब समजली जाई. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी व तुर्कस्तान यांच्या ताब्यातून गेलेल्या प्रदेशांच्या संदर्भात या कल्पनेला प्रथमच छेद मिळाला. राष्ट्रसंघाच्या करारनाम्यातील बाविसाव्या कलमान्वये हे प्रदेश जेत्या राष्ट्रांना मालकीहक्काने न देता ‘महादेश’ म्हणून सोपविण्यात आले. महादेशधारक राष्ट्राने राष्ट्रसंघाच्या कार्यकारी मंडळाला वार्षिक अहवाल सादर करावा, त्याची छाननी स्थायी महादेश आयोगाने करावी आणि तेथील रहिवाशांचे अर्जही विचारात घ्यावेत, अशी व्यवस्था होती. सत्ताधारी राष्ट्राच्या प्रतिनिधीला जिनीव्हात बसून परक्या तज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत, ही त्या काळी नवीनच गोष्ट होती. जेत्या राष्ट्रांच्या स्वतःच्या जुन्या वसाहती मात्र या व्यवस्थेच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थान, फ्रेंच पाँडिचेरी वा पोर्तुगीज गोवा यांबद्दल कोणीही कोणाला जाब विचारू शकत नव्हते.

महादेशाचा अहवाल हा नुसता शिष्टाचार नव्हता, हे नैर्ऋत्य आफ्रिकेच्या (आताच्या नामिबियाच्या) प्रकरणाने दाखवून दिले. राष्ट्रसंघ विसर्जित झाल्यावर दक्षिण आफ्रिकेने या प्रदेशाविषयीचे अहवाल पाठविण्याचे थांबविले व तो आपल्या राज्यात विलीन करण्याचा उद्योग आरंभिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ जुलै १९५० रोजी दिलेल्या सल्लारूप अभिप्रायात, राष्ट्रसंघ संपला तरी अहवालाचे बंधन संपलेले नाही आणि देखरेखीचे काम आता संयुक्त राष्ट्रांकडे आले आहे, असे स्पष्ट केले. अहवाल थांबविणे ही प्रदेश गिळंकृत करण्याची पहिली पायरी असते, हा या प्रकरणाचा धडा होता.

संयुक्त राष्ट्रांची सनद : २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वाक्षरित झालेल्या सनदेत परतंत्र प्रदेशांसाठी दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. बाराव्या व तेराव्या प्रकरणांतील विश्वस्त पद्धती ही महादेश पद्धतीची वारस होती. तीत वार्षिक अहवालांबरोबर रहिवाशांचे अर्ज व प्रत्यक्ष भेटीसाठी जाणारी शिष्टमंडळे यांचीही तरतूद होती. उरलेल्या सर्व वसाहतींसाठी अकराव्या प्रकरणात ‘अस्वयंशासित प्रदेशांविषयीचे घोषणापत्र’ समाविष्ट करण्यात आले. ज्या प्रदेशांतील लोकांना अद्याप संपूर्ण स्वयंशासन लाभलेले नाही, त्यांचे हित सर्वश्रेष्ठ मानण्याचे तत्त्व त्र्याहत्तराव्या कलमाने प्रस्थापित केले. त्या कलमाच्या ‘ङ’ या उपकलमानुसार प्रशासक राष्ट्राने आर्थिक, सामाजिक व शैक्षणिक परिस्थितीविषयीची सांख्यिकीय व तांत्रिक माहिती सरचिटणिसांकडे नियमितपणे पाठवावयाची असते. 

या उपकलमाची शब्दयोजना जाणूनबुजून सौम्य ठेवण्यात आली होती. माहिती ‘माहितीसाठी’ पाठवावयाची होती; तिच्यावरून निर्णय देण्याचा अधिकार कोणाला दिलेला नव्हता. राजकीय प्रगतीची माहिती देणे सक्तीचे नव्हते. सुरक्षितता व घटनात्मक अडचणी यांची मर्यादा प्रारंभीच घातलेली होती. मुख्य म्हणजे कोणता प्रदेश अस्वयंशासित आहे हे कोणी ठरवावयाचे, याबद्दल सनद मूक होती. पुढील सर्व वाद या एका उणिवेतून उद्‌भवला.

१९४६ मध्ये ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, नेदर्लंड्स, न्यूझीलंड, ग्रेट ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या आठ राष्ट्रांनी आपापल्या प्रदेशांची नावे कळविली आणि त्या वर्षीच्या १४ डिसेंबरच्या ठरावात आमसभेने अशा ७४ प्रदेशांची नोंद केली. फ्रान्सने दिलेल्या यादीत भारतातील फ्रेंच वसाहतींचाही अंतर्भाव होता. म्हणजे पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानाम व चंद्रनगर या वसाहती अस्वयंशासित असल्याची नोंद खुद्द फ्रान्सच्याच हातची होती. त्यांचा पुढील इतिहासही वाटाघाटींचा आहे. १९४९ मध्ये चंद्रनगरात सार्वमत झाले व इतर चार वसाहतींचा प्रत्यक्ष कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला. पोर्तुगाल त्या वेळी संयुक्त राष्ट्रांचा सदस्यच नसल्याने गोव्याचे नाव यादीत येण्याचा प्रश्न उपस्थित झाला नाही.

माहिती थांबविण्याचे मार्ग : माहिती पाठविण्याचे बंधन केव्हा संपते, हा प्रश्न लवकरच पुढे आला. वसाहतीचा घटनात्मक दर्जा बदलला, की काही राष्ट्रे माहिती पाठविणे बंद करीत. अमेरिकेने प्वेर्त रीकोबाबत, डेन्मार्कने ग्रीनलंडबाबत व नेदर्लंड्सने सुरिनामबाबत अशी भूमिका घेतली. या तिन्ही प्रकरणांची आमसभेने १९५३ ते १९५५ या काळात छाननी केली व शेवटी मान्यता दिली. २७ नोव्हेंबर १९५३ च्या ठरावात एखादा प्रदेश स्वयंशासित झाला किंवा नाही, हे ओळखण्याच्या कसोट्याही नमूद करण्यात आल्या. अशा रीतीने निर्णयाचा अधिकार हळूहळू आमसभेने आपल्याकडे घेतला.

वसाहतवादी राष्ट्रांनी याला प्रत्युत्तर दिले. बेल्जियमच्या मते सनदेचे शब्द समुद्रापलीकडील वसाहतींपुरते मर्यादित नव्हते. अनेक स्वतंत्र देशांच्या सीमांच्या आतही मागासलेल्या व स्वयंशासन नसलेल्या जमाती होत्या आणि त्यांच्याविषयीही त्या देशांनी माहिती द्यावयास हवी होती. या युक्तिवादाचा रोख आशिया व लॅटिन अमेरिका यांतील देशांवर होता. भारतासारख्या, अनेक आदिवासी जमाती असलेल्या देशाला तो मान्य होणे शक्य नव्हते. आशियाई व आफ्रिकी देशांनी राज्यकर्त्या देशापासून भौगोलिक दृष्ट्या विलग असणे ही कसोटी पुढे केली. तिला विरोधकांनी ‘खाऱ्या पाण्याचा सिद्धांत’ असे उपहासाने म्हटले. अखेर तीच कसोटी टिकली. मात्र बेल्जियमचा प्रश्न त्यामुळे निरुत्तर झाला नाही, तो केवळ बाजूला पडला.

पोर्तुगालची भूमिका : आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा जिंकल्यापासून तेथे पोर्तुगीजांची सत्ता होती. तिसवाडी, बारदेश व सासष्टी हे तालुके जुन्या काबिजादींत मोडत. फोंडे, पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण इ. नव्या काबिजादींचा प्रदेश अठराव्या शतकात त्यांच्या ताब्यात आला. म्हणजे ‘साडेचारशे वर्षांचे पोर्तुगीजत्व’ गोव्याच्या मोठ्या भागाला कालदृष्ट्याही लागू पडत नव्हते. बहुसंख्य प्रजा हिंदू होती व लोकांची भाषा कोकणी आणि मराठी होती.

पोर्तुगालच्या १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने सागरापारचे प्रदेश ताब्यात ठेवणे व तेथे वसाहत करणे, हे पोर्तुगीज राष्ट्राचे ऐतिहासिक कार्य असल्याचे घोषित केले. या कायद्याविरुद्ध त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा उच्चार करणारा ठराव मांडला. गोमंतकीयांचे मत काय आहे, हे त्यांच्याच प्रतिनिधीने कायदेशीर व्यासपीठावरून सांगितल्याचा हा महत्त्वाचा दाखला होय. त्यानंतर सालाझारच्या हुकूमशाही राजवटीत वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी व सभांवर निर्बंध आल्याने असे मत मांडण्याचे मार्ग बंद झाले. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडून नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीला तोंड फोडले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांच्यासारख्या नेत्यांना शिक्षा ठोठावून पोर्तुगालात नेण्यात आले. अशा परिस्थितीत गोव्याविषयीची अधिकृत माहिती बाहेर जाणे न जाणे, यास विशेष महत्त्व होते.

भारत सरकारने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालला टिपण देऊन वाटाघाटींची सूचना केली. गोव्याच्या सार्वभौमत्वाविषयी चर्चाच होऊ शकत नाही, असे उत्तर आले. ११ जून १९५१ रोजी पोर्तुगालने घटनादुरुस्ती केली. ‘वसाहत’ हा शब्द काढून त्याऐवजी ‘सागरापारचा प्रांत’ ही संज्ञा आली. घटनेतील शब्द बदलले, तरी गव्हर्नर जनरलची नेमणूक पूर्वीप्रमाणे लिस्बनहूनच होत राहिली. अँगोला, मोझँबीक व गिनी येथे तर बहुसंख्य आफ्रिकी लोकांसाठी वेगळा ‘देशी लोकांचा’ कायदा १९६१ पर्यंत चालू राहिला. एकाच राष्ट्रातील प्रांत म्हणविणाऱ्या प्रदेशांत नागरिकांचे असे दोन वर्ग होते. वाटाघाटींची आशा मावळल्यावर भारताने ११ जून १९५३ रोजी लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली.

सदस्यत्व व नकार : १९५५ हे वर्ष या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक ठरले. पुण्यात १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गोवा विमोचन साहाय्यक समितीने सर्वपक्षीय सत्याग्रहाची मोहीम उभारली. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी गोव्यात शिरली. तीत सेनापती बापटही होते. १५ ऑगस्टच्या सामूहिक सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळीबाराने वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही मृत्युमुखी पडले. दुसरीकडे पोर्तुगाल हा उत्तर अटलांटिक करार संघटनेचा संस्थापक सदस्य असल्याने त्याला पाश्चात्त्य राष्ट्रांचा पाठिंबा होता. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्य यांनी काढलेल्या संयुक्त पत्रकात गोव्यासारख्या प्रदेशांचा उल्लेख ‘पोर्तुगीज प्रांत’ असाच होता. भारतात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. कारण वादाचा सारा मुद्दा त्या एका शब्दात सामावलेला होता.

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला अन्य पंधरा राष्ट्रांसह संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. प्रघातानुसार सरचिटणीस दाग हामारशल्ड यांनी १९५६ मध्ये नव्या सदस्यांना पत्र पाठवून त्र्याहत्तराव्या कलमाखाली येणारे प्रदेश त्यांच्याकडे आहेत काय, अशी विचारणा केली. आपल्याकडे असा एकही प्रदेश नाही, असे उत्तर पोर्तुगालने दिले. पोर्तुगाल हे एकात्म राज्य असून सागरापारचे प्रांत त्याचे समान घटक आहेत; लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत त्यांचे प्रतिनिधी बसतात; घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ त्या त्या राष्ट्राला आहे आणि अंतर्गत बाबींत हस्तक्षेप करण्यास सनदेच्या दुसऱ्या कलमाने मनाई केली आहे, असे त्याच्या युक्तिवादाचे चार आधार होते. यांतील शेवटचे दोन अगदीच निराधार नव्हते. सनदेच्या कर्त्यांनी प्रदेश ठरविण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नव्हता, हे खरे होते. तथापि प्रत्येक राष्ट्राला आपल्या कायद्यात एक शब्द बदलून आंतरराष्ट्रीय बंधनातून मुक्त होता येईल, तर त्या बंधनाला काहीच अर्थ उरणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. पुढील तीन वर्षे हा वाद आमसभेच्या चौथ्या समितीत चालला. परंतु ठरावाला आवश्यक ते बहुमत मिळू शकले नाही.

पुणे तहाचा न्यायालयीन अन्वयार्थ : याच सुमारास पोर्तुगालने दुसरी आघाडी उघडली. दमणजवळच्या दादरा व नगरहवेली या चोहोबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेल्या टापूंतील पोर्तुगीज सत्ता जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी उलथून टाकली होती. दादरा संयुक्त आघाडीने, तर सिल्वासा आझाद गोमंतक दल व त्याच्या सहकाऱ्यांनी मुक्त केले; त्यांत महाराष्ट्रातील तरुणांचा मोठा भाग होता. भारताने पोर्तुगीज सैन्याला आपल्या हद्दीतून जाऊ दिले नाही. त्यावर २२ डिसेंबर १९५५ रोजी, म्हणजे सदस्यत्व मिळाल्यानंतर अवघ्या आठ दिवसांत, पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध मार्गाधिकाराचा दावा दाखल केला. ज्या प्रदेशांविषयी आकडेवारी देण्यास त्याने नकार दिला, त्यांविषयीचे कागदपत्र या दाव्याच्या निमित्ताने त्याला स्वतःहून जगासमोर मांडावे लागले.

दाव्याचा पाया मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह हा होता. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाच्या काळात पोर्तुगीजांची मैत्री राखण्यासाठी पेशवे दरबाराने दमणच्या लगतच्या मुलखातील १२,००० रुपये उत्पन्नाची गावे त्यांना देऊ केली होती व १७८३ आणि १७८५ मधील सनदांनी ती प्रत्यक्षात नेमून दिली होती. या दानाने सार्वभौमत्व मिळाले, असे पोर्तुगालचे प्रतिपादन होते. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी काम पाहिले आणि भारताने नियुक्त केलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला न्यायासनावर होते. मराठी दरबारच्या दप्तरी भाषेतील ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ हेग येथे काथ्याकूट करून ठरविण्यात आला. सरंजाम वा जहागीर म्हणजे महसुलाची नेमणूक. ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते व तीमुळे सार्वभौमत्व जात नाही. मराठ्यांना प्रदेश कायमचा तोडून द्यावयाचा असे, तेव्हा ते तशी स्पष्ट शब्दयोजना करीत, असेही न्यायालयाने नमूद केले.

१२ एप्रिल १९६० च्या निर्णयात, मराठ्यांच्या काळात नव्हे, तर पुढे ब्रिटिशांच्या मूक संमतीमुळे पोर्तुगीज सार्वभौमत्व अस्तित्वात आले, असा निष्कर्ष निघाला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता मार्गाधिकार १९५४ मध्ये पोर्तुगालला होता (११ विरुद्ध ४ मते). सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी तो नव्हता (८ विरुद्ध ७) आणि भारताने आपल्या बंधनांचा भंग केलेला नाही (९ विरुद्ध ६), असे न्यायालयाने ठरविले. निर्णय दोन्ही पक्षांना अंशतः अनुकूल होता. परंतु व्यवहारतः पोर्तुगालला त्या टापूंत परतण्याचा मार्ग उरला नाही. खटला चालू असेपर्यंत भारताने ते टापू विलीन करून घेतले नव्हते. तेथील कारभार वरिष्ठ पंचायतीच्या हाती होता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी ते भारतीय संघराज्यात समाविष्ट झाले.

१९६० चे ठराव : दरम्यान आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रांच्या प्रवेशामुळे आमसभेचे स्वरूप पालटले होते. १९५९ मध्ये भारत, मेक्सिको, मोरोक्को, नेदर्लंड्स, ग्रेट ब्रिटन व अमेरिका या सहा राष्ट्रांची एक समिती नेमण्यात आली. माहिती देण्याचे बंधन केव्हा लागू होते, यासंबंधी तिने बारा तत्त्वे तयार केली. राज्यकर्त्या देशापासून भौगोलिक दृष्ट्या विलग आणि वांशिक वा सांस्कृतिक दृष्ट्या भिन्न असलेल्या प्रदेशाच्या बाबतीत बंधन सकृद्दर्शनी लागू होते. प्रशासकीय, राजकीय वा आर्थिक बाबतींत त्याला दुय्यम स्थितीत ठेवलेले असल्यास हे अनुमान दृढ होते. स्वातंत्र्य, दुसऱ्या राज्याशी स्वेच्छेने सहयोग किंवा समान पायावर विलीनीकरण या तीन मार्गांनीच ते संपते. शेवटचे दोन मार्ग लोकांच्या मुक्त संमतीवाचून वैध ठरत नाहीत. आमसभेने १५ डिसेंबर १९६० रोजी ही तत्त्वे स्वीकारली. आदल्या दिवशी वसाहतींच्या स्वातंत्र्याचे ऐतिहासिक घोषणापत्र ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाले होते. नऊ राष्ट्रे तटस्थ राहिली व त्यांत पोर्तुगाल होता.

१५ डिसेंबरलाच संमत झालेल्या आणखी एका ठरावाने (क्र. १५४२) पोर्तुगालचे नऊ प्रदेश नावानिशी अस्वयंशासित म्हणून जाहीर केले : केप व्हर्द, पोर्तुगीज गिनी, साऊँ तोमे व प्रिन्सिप, आझुदा, अँगोला, मोझँबीक, ‘भारत राज्य’ म्हटला जाणारा गोवा व अवलंबित प्रदेश, मकाऊ आणि तिमोर. ठरावाच्या बाजूने ६८ व विरुद्ध ६ मते पडली. १७ राष्ट्रे तटस्थ राहिली. आपल्या प्रदेशांची माहिती देण्याचे स्पेनने मान्य केल्याची नोंद त्याच ठरावात होती. त्यामुळे पोर्तुगाल अधिकच एकाकी पडला. सत्ताधारी राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध व त्याच्या घटनेतील शब्दांकडे दुर्लक्ष करून आमसभेने त्याचे प्रदेश वसाहती ठरविले, हे या ठरावाचे वैशिष्ट्य होय. पोर्तुगालने ठराव मानला नाही व माहितीही पाठविली नाही.

गोव्याची मुक्ती व सुरक्षा परिषद : १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सेना गोव्यात शिरल्या. १८ डिसेंबर रोजी पोर्तुगालच्या तक्रारीवरून सुरक्षा परिषदेची बैठक भरली. तेथे दोन तर्कपद्धती समोरासमोर आल्या. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी बळाच्या वापरावरील बंदीचा मुद्दा मांडला व तिच्या भंगामुळे संयुक्त राष्ट्रांच्या भवितव्यालाच धोका असल्याचा इशारा दिला. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी हा एका देशाने दुसऱ्यावर केलेल्या आक्रमणाचा नसून वसाहतवादाचा प्रश्न आहे, असे सांगून १९६० च्या ठरावांचा आधार घेतला. गोवा ही वसाहत असल्याचे खुद्द आमसभेने जाहीर केलेले असल्याने तो पोर्तुगालचा भूभाग आहे, हे गृहीतच त्यांनी नाकारले. युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी करणाऱ्या मसुद्याला सात मते अनुकूल व चार प्रतिकूल पडली. सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकारामुळे तो बाद झाला. श्रीलंका, लायबीरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी मांडलेला, पोर्तुगालची तक्रार फेटाळण्याचा मसुदाही चार विरुद्ध सात मतांनी नामंजूर झाला. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा याने शरणागती पतकरली. योगायोगाने त्याच दिवशी आमसभेने माहिती न दिल्याबद्दल पोर्तुगालचा निषेध करणारा ठराव संमत केला व पोर्तुगीज प्रदेशांची चौकशी करण्यासाठी सात सदस्यांची समिती नेमली. यादीतील आझुदाचा चिमुकला किल्ला त्यापूर्वीच दाहोमीने घेतलेला होता. 

मूल्यमापन : संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांनी गोवा मुक्त झाला, असे म्हणता येत नाही. ठरावानंतर वर्षभर लिस्बनने त्याची दखलही घेतली नाही आणि निर्णय अखेर सेनाबळाने झाला. तथापि त्या ठरावांमुळे गोव्याला पोर्तुगालची राष्ट्रभूमी मानणे आमसभेतील बहुसंख्य राष्ट्रांनी नाकारले होते. त्यामुळेच परिषदेत बहुमत विरोधात असूनही भारताची कृती विवादाचा विषय राहिली, सर्वमान्य आक्रमण ठरली नाही.

या व्यवस्थेत भारताचीही एक तात्त्विक अडचण होती. अस्वयंशासित प्रदेशांची संकल्पना तेथील लोकांच्या स्वयंनिर्णयावर उभी आहे, तर गोवा हा भारताचाच भाग असून त्याची मुक्ती म्हणजे राष्ट्रीय एकात्मतेची पूर्तता होय, अशी भारताची भूमिका होती. परिणामी गोमंतकीयांचे मत आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली अजमावण्यात आले नाही. पोर्तुगालने साडेचारशे वर्षांत त्यांना हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात प्रौढ मताधिकारावर निवडणुका झाल्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, एवढाच पर्याय होता. १,७२,१९१ मते वेगळेपणाच्या व १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. आपल्या राजकीय दर्जाविषयी गोमंतकीयांनी मतपेटीद्वारा दिलेले हे पहिले उत्तर होते व ते महाराष्ट्रातील अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध असले, तरी मान्य करण्यात आले. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला.

उत्तरकाल : २५ एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली. नव्या राजवटीने वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे झालेल्या करारान्वये गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहती १९७४-७५ मध्ये स्वतंत्र झाल्या. पूर्व तिमोर १९७५ मध्ये इंडोनेशियाने व्यापला. तेव्हा पोर्तुगालने तिमोरचे ‘प्रशासक राष्ट्र’ या नात्याने त्र्याहत्तराव्या कलमाचाच आश्रय घेतला आणि परिस्थितीमुळे आपणास जबाबदारी पार पाडता येत नसल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवीत राहिला. १९९१ मध्ये याच नात्याने त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. ३० जून १९९५ च्या निर्णयात, इंडोनेशिया पक्षकार नसल्याने दाव्याचा निवाडा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र तिमोर अस्वयंशासित प्रदेशच आहे व तेथील लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायम आहे, असेही नमूद केले. जे नामाभिधान पोर्तुगालने १९५६ मध्ये धुडकावले होते, तेच आता त्याच्या हक्काचा एकमेव आधार बनले होते. २० मे २००२ रोजी तिमोर स्वतंत्र झाला.

मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसच्या संदर्भातही हा विषय पुन्हा पुढे आला. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला होता. त्यामुळे मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीर रीत्या पूर्ण झालेले नाही, असा अभिप्राय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला व तो देताना १९६० च्या घोषणापत्राचा आधार घेतला. १९४६ मध्ये ७४ नावांनी सुरू झालेल्या यादीत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकाअखेर १७ प्रदेश उरले असून त्यांच्याविषयीची माहिती त्र्याहत्तराव्या कलमान्वये प्रतिवर्षी मागविली जाते.